मायना आणि सही

पत्रवाङ्मयाचा तास घेताना आम्ही दोघेही विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत आलो आहोत : पत्र वाचायला मायन्यापासून सुरुवात करावी. लिहिणारा स्वतः कोठे उभा आहे आणि समोरच्याला कोठे उभे करू पाहतो आहे, हे मजकुराआधी मायनाच सांगून जातो.

याचे आमचे आवडते उदाहरण मराठीबाहेरचे आहे. १९१२ साली लुई हाऊ नावाच्या अमेरिकन वार्ताहराने फ्रँकलिन रूझवेल्ट यांना लिहिलेल्या एका पत्राच्या मायन्यात त्यांना 'भावी राष्ट्राध्यक्ष' केले आहे, तेही प्रिय आणि पूज्य म्हणून. रूझवेल्ट तेव्हा तीस वर्षांचे, न्यू यॉर्क राज्याच्या सिनेटचे एक सभासद. हाऊ चाळिशी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, दमेकरी. हा मायना थट्टा म्हणावा तर तीत आर्जव आहे. आर्जव म्हणावे तर पुढची वीस वर्षे या माणसाने तो शब्द खरा करण्यातच वेचली.

त्याच वर्षी ऐन निवडणुकीत रूझवेल्ट विषमज्वराने अंथरुणाला खिळले. प्रचाराची सूत्रे हाऊंनी घेतली. शेतकऱ्यांना पत्रे गेली. सफरचंदांच्या पिंपाचे माप कायद्याने ठरवून घेऊ, असे आश्वासन त्यांत होते. सही रूझवेल्टांची, योजना हाऊंची. मतदारांपुढे न जाताच उमेदवार निवडून आला. १९२१ मध्ये पोलिओने रूझवेल्टांचे पाय गेले, तेव्हा त्यांचे नाव लोकांच्या विस्मरणात जाऊ न देण्याचे कामही हाऊंनीच केले. १९३२ मध्ये मायना खरा ठरला. १९३६ च्या एप्रिलमध्ये हाऊ वारले. त्यांचा अंत्यविधी व्हाइट हाउसमध्ये झाला.

हे सारे आम्ही वर्गात काहीशा कौतुकाने सांगत असू. त्याला कारणही होते. आमचा एक जुना स्नेही राजकारणात शिरला, तेव्हा त्याची पत्रके, भाषणे, अभिनंदनाची आणि सांत्वनाची पत्रे आम्हीच लिहून देत होतो. मोबदला घेतला नाही. आपले मराठी कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, एवढे आम्हाला पुरेसे होते. पुढे तो मोठा झाला, त्याची माणसे बदलली, आमचे जाणेयेणे थांबले.

काही वर्षांनी आमच्यापैकी एकाचे वडील गेले. आठ दिवसांत त्या स्नेह्याचे सांत्वनपत्र आले. छापील शीर्षपत्र, सुबक टंकलेखन, खाली सही. मजकूर आमचाच होता. 'वृक्ष जातो, सावली मागे राहते' हे वाक्य एका रात्री चहा पिता पिता आम्ही दोघांनी मिळून जुळवले होते. कोणाचा वृक्ष, कोणाची सावली, याचा विचार त्या वेळी मनाला शिवलाही नव्हता.

प्रथम राग आला, तो त्याचा. नंतर ध्यानात आले, की असे पत्र हाती घेऊन ज्यांनी ते जपून ठेवले असेल, त्या साऱ्या घरांना फसवण्यात आमचाही हात होता. पिंपाचे माप निदान मोजता तरी येते. सांत्वनाला कोणते माप लावणार?

आता आम्ही मायन्याबरोबर सहीकडेही पाहायला सांगतो. त्या पत्राची पोच मात्र अजून गेलेली नाही. लिहायला बसलो होतो, मायन्यापाशीच अडलो.