हात वर केला, आणि खळी दिसली

आमच्या घरात ‘स्तन’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. संधिवात, मूळव्याध, सगळं जेवताना चर्चेला येतं. हा अवयव मात्र कायम पदराआड. त्यामुळे माझ्या २२ वर्षांच्या भाचीच्या हाताला गाठ लागली, तेव्हा वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, “वन्सं, जरा इंदूरला येऊन जाता का?”

मी भोपाळहून पोहोचले तर घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. “लग्नाची बोलणी चाललीत, कुणाच्या कानावर जाता कामा नये,” असं दादाचं म्हणणं. मी दोघींना रिक्षात बसवलं आणि एका सर्जनबाईंकडे घेऊन गेले.

भाचीची गाठ बोटाखालून सुळकन सरकत होती. या वयात अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते, तिला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात, असं बाईंनी सांगितलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. (तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ नीट उठून दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी.) वहिनीने पर्स उचलली, तोच बाईंनी विचारलं, “आणि तुमची तपासणी कधी झाली?”

“मला काय झालंय? दुखत नाही, खुपत नाही.”

वहिनी ५२ वर्षांची. बाईंनी तिला आरशासमोर बसवून हात वर करायला सांगितलं. हात वर जाताच डावीकडे, काखेच्या बाजूला, कातडीवर एक खळी पडली. गालावर पडावी तशी! तिच्याखाली कडक गाठ होती.

मैत्रिणींनो, पाळीच्या आधी दोन्ही बाजू ठणकतात तेव्हा आपण घाबरतो. ते बहुधा निरुपद्रवी असतं. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला सहसा दुखत नाही. खळी, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, काखेतली गाठ, यांतलंही पुष्कळसं दुखत नाही आणि म्हणूनच राहून जातं.

वहिनीची मॅमोग्राफी झाली. यंत्राच्या दोन पट्ट्यांत स्तन दाबतात तेव्हा कळ येते, पण काही सेकंदच. खरी अडचण आली बायॉप्सीच्या वेळी. सुई टोचली की रोग पसरतो, असं म्हणत दादा अडून बसला. किती शिकल्या-सवरलेल्यांच्या तोंडून हे ऐकलंय मी! बाईंनी शांतपणे समजावलं, की या भीतीला आधार नाही. उलट तुकडा तपासल्याशिवाय कर्करोग आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे ठरतच नाही, मग औषध कसलं देणार? जागा बधिर करून सुईने तुकडा काढला. वहिनी त्याच दुपारी घरी आली.

रिपोर्टात कर्करोग निघाला. पण गाठ लहान होती, काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेली नव्हती. शस्त्रक्रियेत स्तन राखता आला, मग रेडिएशन झालं, आता रोज एक गोळी.

नुसत्या हाताच्या तपासणीला आपण कमी लेखतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत, अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर दर पाच वर्षांनी अशी तपासणी आहे. आपल्या आरोग्य केंद्रात विचारायला हरकत काय?

भाचीची गाठ साधीच ठरली, ती काढलीही नाही. लग्नाच्या बैठकीत वहिनीनेच दोघींचं सगळं सांगून टाकलं. दादा खाली मान घालून बसला होता. मुलाची आई काही बोलली नाही. निघताना मात्र तिने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं आणि सर्जनबाईंचा पत्ता लिहून घेतला.