आधी पाणी, मग तंबू

देवपूर, धुळे
डिसेंबर, पहिला आठवडा

प्रिय वहिनी,


दादाचा फोन आला होता. पाठीवर सामान टाकून, पोरांना घेऊन एक रात्र डोंगराकडे काढायची त्याची इच्छा आहे, पण धाकटीच्या काळजीनं तुमचा पाय अडतोय, असं म्हणाला. फोनवर अशा गोष्टी नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

उघड्यावर मुक्काम करणं खानदेशी घराला नवं नाही. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंगीची यात्रा असते. त्या दिवसांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं लेकराबाळांसकट वणीची वाट धरतात. ऊन तापायच्या आत पहाटेची चाल, दुपारी झाडाखाली किंवा मंडपात अंग टाकायचं, सांजेला पुन्हा चालायला लागायचं. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी तर महिनाभराहून जास्त चालून पंढरपूर गाठते. पण यात्रेत बोचकी मागच्या ट्रॅक्टरवर नाहीतर टेम्पोत असतात आणि वाटेवरच्या गावांतली माणसं पाणी घेऊन उभी असतात. डोंगरवाटेला यातलं काही नसतं. लागेल ते सगळं स्वतःच्या पाठीवर.

म्हणून तयारी तंबूपासून नको, पाण्यापासून करा. डिसेंबर उजाडला की आपल्याकडचे बरेचसे ओढे कोरडे पडायला लागतात. चौघांनी दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी अकराला परतायचं म्हटलं, तर पिणं, स्वयंपाक आणि तोंड धुणं मिळून बारा लिटर तरी हवं. लिटरला एक किलो धरा. म्हणजे तुमच्या दोघांच्या पाठीवर सहा-सहा किलो नुसतं पाणीच झालं, त्यावर अंथरूण-पांघरूण आणि खाणं. लेकराच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो, म्हणजे त्याची बाटली, स्वेटर आणि बॅटरी. हा हिशेब कागदावर मांडला की पहिला मुक्काम विहिरीजवळच हवा, हे आपोआप ठरतं.

त्यासाठी ओळखीतलं शेत सगळ्यात चांगलं. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे तुमच्या माहेरच्यांचं कुणाचं तरी असेलच. गाडी गावात ठेवायची, तीन किलोमीटर शिवाररस्त्यानं चालायचं आणि मालकाला विचारून बांधाजवळ तंबू ठोकायचा. रब्बीत राखणीला आणि रात्रीच्या लाइटवर पाणी भरायला शेतकरी शेतातच असतो. त्याच्या हाकेच्या अंतरावर पोरं निर्धास्त झोपतात.

अभयारण्यात मात्र मनाला येईल तिथे तंबू लावता येत नाही. पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते. तिथे दिवसा जा, मुक्कामाचं खात्याला विचारूनच ठरवा. थोरल्याला मात्र तिथल्याच पाटणचा शिलालेख नक्की सांगा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद 1207 च्या सुमाराच्या त्या लेखात आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या एका नातवाचं हे काम ऐकून गणिताला कंटाळलेलं पोरगंही चार प्रश्न विचारतं.

चालण्याच्या सरावाला आमच्याकडचा लळिंगचा किल्ला बरा. महामार्गावरच, धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर. दिवसा चढून उतरायचं, किल्ल्यावर मुक्काम करायचा नाही.   विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये चालायला लागणाऱ्या वेळेचा एक हिशेब मांडला होता. सपाटीला तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसांसाठी होता. लेकरं सोबत असतील तर त्याच्या सरळ दुप्पट वेळ धरा. तुमची धाकटी मुंग्यांची रांग दिसली की बसणार, वाळलेली शेंग वाजवून बघणार. तो वेळ आधीच धरलेला असला की कुणाला ओरडावं लागत नाही.

रात्रीचं जरा सविस्तर लिहिते, कारण खरी काळजी रात्रीचीच. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. म्हणून नुसती ताडपत्री नको. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबूच हवा. आत गेल्यावर चेन लगेच लावायची, बूट आत घ्यायचे, लघवीला उठताना बॅटरी आधी पेटवायची. दंशाची शंका जरी आली तरी जखम कापायची नाही की चोखायची नाही. चावलेल्याला हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. 108 ची गाडी बोलवायची, आणि मुक्कामाच्या जागी मोबाइलला रेंज आहे का, हे दिवसाउजेडीच बघून ठेवायचं.

तंबूची पहिली रात्र गच्चीवर काढा. आमच्या पोरांनी थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा घट्ट बंद केल्या होत्या. पहाटे चारला कापडावरून थेंब ओघळायला लागले आणि गोधडीची कड ओली झाली. पोरांना वाटलं पाऊस आला. चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी झाली होती. वरची झडप चार बोटं उघडी ठेवली की हे थांबतं. दुसरं त्याच रात्री कळलं. थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. दुसरी गोधडी पांघरायच्या ऐवजी चटईवर अंथरली, तेव्हा कुठे झोप लागली.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार! कळण्याच्या भाकरी घरूनच करून न्या, सोबत ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या रात्री चुलीचा घाट घालू नका. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. सकाळच्या चहाला छोटा गॅस पुरे, तोही मोकळ्या मातीवर ठेवून. आणि एक खुरपं विसरू नका. शौचाला विहिरीपासून ऐंशी पावलं लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीनं बुजवायचा. पोरं हे पटकन शिकतात.

आमचा तंबू आणि दोन चटया पुढच्या शनिवारी दादाच्या हाती देते. धाकटीचे नवे बूट आजपासूनच घरात घालायला लावा. शेत ठरलं की विहिरीला आत्ता पाणी किती आहे, तेवढं मालकाला विचारून मला कळवा.

तुमची,
नणंद