छेद समान करा!

गणितात आपल्याला थोडेफार कळते, असा माझा जुना समज आहे. म्हणून गेल्या महिन्यात नात बीजगणिताची वही घेऊन आली, तेव्हा मी चष्मा पुसून मोठ्या रुबाबात बसलो. उदाहरण साधेच होते: १/क्ष + १/(क्ष+१). तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून उत्तर लिहिले होते: २/(२क्ष+१).

ते पाहून माझ्या पोटात कालवले. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या बापाने हीच चूक केली होती. "छेद समान कर!" असे ओरडून मी त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली होती.

"पण का, आजोबा? छेद का नाही मिळवायचे?" नातीने विचारले.

मी गप्प! भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तही हा नियम आहे, हे मला ठाऊक होते. पण 'का' असे मी कधी कोणाला विचारले नव्हते, आणि घरात कोणाला विचारू दिले नव्हते.

अखेर म्हटले, "क्षच्या जागी १ घालून पाहू." झाले एक अधिक अर्धा. तिचे उत्तर मात्र आले दोन तृतीयांश!

"अय्या! एकात अर्धा मिळवला आणि एकाहूनही कमी?" ती खुदकन हसली.

मग दोघांनी मिळून वाट काढली. एका पोळीचे किती सारखे भाग केले, ते छेद सांगतो. त्यांतले किती घेतले, ते अंश. लहानमोठे तुकडे एकत्र कसे मोजणार? आधी ते एका मापाचे करायला हवेत. म्हणून पहिल्या अपूर्णांकाला वर-खाली (क्ष+१) ने गुणायचे, दुसऱ्याला क्षने. वर-खाली एकाच संख्येने, ती शून्य नसेल तर, गुणणे म्हणजे एकानेच गुणणे. रूप बदलते, किंमत नाही. आता दोघांचा छेद क्ष(क्ष+१), आणि अंशांची बेरीज २क्ष+१. क्ष १ असेल तर बरोबर दीड! वजाबाकी केली तर अंश उरतो (क्ष+१) − क्ष, म्हणजे फक्त १.

रात्री जेवताना मी मुलाला म्हणालो, "त्या दिवशी तुझे गणित चुकले होते, पण माझे त्याहून जास्त."

"कोणत्या दिवशी? मला नाही आठवत, बाबा," तो म्हणाला. पण त्याचा हात नकळत डाव्या गालाकडे गेला होता.

मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. अख्खी!