२७०

१. अमेरिकेचा अध्यक्ष ५३८ माणसे निवडतात; त्यांना इलेक्टर म्हणतात. त्यांतली २७० मिळाली की झाले. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर या माणसांची नावेही नसतात.

२. हिशेब असा: प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा, सिनेटच्या १००, आणि राजधानी वॉशिंग्टनची ३ मते. ही तीन १९६१ च्या घटनादुरुस्तीने आली. तोवर शपथविधीची मिरवणूक ज्यांच्या रस्त्यावरून जायची, त्यांनाच अध्यक्ष निवडता येत नसे.

३. वायोमिंग : वस्ती सहा लाखांच्या आत, मते ३. कॅलिफोर्निया : वस्ती चार कोटींच्या आसपास, मते ५४. भागाकार ज्याचा त्याने करावा.

४. हसण्याआधी: आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचे ७. या मूल्यासाठी लोकसंख्या अजून १९७१ ची धरतात.

५. फ्लोरिडा, २०००. सुमारे साठ लाख मतांत रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश ५३७ नी पुढे. राज्याची सगळी २५ मते त्यांना. देशभरात डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मते अधिक. निकाल २७१–२६६.

पुढचे कमी लोकांना आठवते. ६ जानेवारी २००१ ला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त बैठकीत ही मते मोजायची होती, आणि उपाध्यक्ष या नात्याने पीठासनावर होते गोरच. प्रतिनिधिगृहातले त्यांच्याच पक्षाचे सदस्य एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांना हरकत घेत होते. तेव्हाच्या नियमाने हरकतीवर निदान एका सिनेटरची सही लागत असे (नियम २०२२ मध्ये बदलला). एकाही सिनेटरने सही केली नव्हती. गोर प्रत्येकाला सही आहे का विचारत, नाही म्हटल्यावर खाली बसवत. शेवटी बुश यांचा विजय त्यांनीच जाहीर केला. गोर यांच्याविषयी मला एरवी फारसे काही वाटत नाही. त्या बैठकीपुरते वाटते.

६. २७१ आणि २६६ यांची बेरीज ५३७ च भरते. राजधानीच्या एका इलेक्टरने मत कोरे ठेवले होते. काँग्रेसमध्ये त्या शहराच्या प्रतिनिधीला मताचा अधिकार नाही, त्याचा निषेध म्हणून.

७. २००४, मिनेसोटा. एका इलेक्टरने अध्यक्ष म्हणून जॉन एडवर्ड्स यांचे नाव लिहिले. ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. स्पेलिंगही चुकले होते. मतदान गुप्त, त्यामुळे लिहिणारा कोण ते कळले नाही.

८. १८७२. हरलेले उमेदवार होरेस ग्रीली २९ नोव्हेंबरला वारले; इलेक्टरांचे मतदान अजून व्हायचे होते. जॉर्जियाच्या तिघांनी तरी त्यांनाच मत दिले. काँग्रेसने ती तीन मते मोजली नाहीत.

९. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी कुटुंबे पुष्कळ. पण न्यू जर्सी १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅटिक. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्वेनिया: २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडन, २०२४ ला पुन्हा ट्रम्प. अलीकडच्या मतदाराला फारसे कोणी विचारत नाही. पलीकडच्याला प्रचारकांसाठी दार उघडून उघडून वीट येतो.

१०. प्वेर्तो रिको : तीस लाखांहून जास्त अमेरिकी नागरिक, इलेक्टोरल मते शून्य. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मतदार.

११. टेक्ससच्या १९९७ च्या कायद्याने अंतराळवीराला अंतराळातून मत देता येते.

१२. जो राज्यात पुढे, त्याला राज्याची सगळी मते. अपवाद मेन आणि नेब्रास्का. तिथे काही मते मतदारसंघाप्रमाणे वाटतात. म्हणून रिपब्लिकन नेब्रास्कात ओमाहाचे एक मत अधूनमधून डेमोक्रॅटांकडे जाते. २०२४ मध्ये तिथल्या अंगणांत पाट्या लागल्या: पांढऱ्यावर एक ठिपका, डेमोक्रॅटांचा निळा. नाव नाही, घोषणा नाही. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

१३. ही पद्धत काढून टाकण्याची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने मंजूर केली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांत ती बुडाली.

१४. २०१६. हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मते. वॉशिंग्टन राज्यही त्यांनी जिंकले, पण तिथल्या बारांपैकी चार इलेक्टर फिरले. तिघांनी कॉलिन पॉवेल यांना मत दिले, एकाने फेथ स्पॉटेड ईगल या आदिवासी महिला नेत्याला. दोघेही उमेदवार नव्हते.

फिरलेल्यांना प्रत्येकी हजार डॉलर दंड झाला. असा दंड राज्याला करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एकमताने सांगितले.