पट्टी आणि पगार

राजगुरुनगरात माझं खतं-बियाणांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. गावात पैसा कुठून येतो हे मला उधारीच्या वहीवरून कळतं.

वडिलांच्या वेळी ती वही कांद्यावर चालायची. आमच्या खेड तालुक्याच्या पूर्व भागातला कांदा-बटाटा चाकणच्या बाजारात जायचा. आडत, हमाली, तोलाई कापून विक्रीच्या पैशांची पट्टी हातात पडली की शेतकरी परतीच्या वाटेवर दुकानात टेकायचा, निम्मी बाकी फेडायचा आणि पुढच्या लागवडीची खतं उधार न्यायचा. भाव पडला की तो तोंड चुकवायचा. वडीलही मागायला जायचे नाहीत. एवढ्याशा गावात रोज समोरासमोर येणाऱ्या माणसाला किती बोलणार? पश्चिमेकडचं, भीमाशंकरच्या अंगाचं गिऱ्हाईक भातवालं. एखादं पोतं न्यायचं, पण रोखीनं.

मग दहा-बारा किलोमीटरवरच्या चाकणला कारखाने आले. १९९९ च्या सुमारास बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्रा. निमगाव, दावडी, कनेरसरकडच्या जमिनी सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेल्या. चाकणच्या बाजूला वावरात भाड्याच्या खोल्या उठल्या. आमचं एक जुनं गिऱ्हाईक एके काळी ट्रॅक्टरभर खत न्यायचं. आता खोल्यांच्या भाड्यावर त्याचं मजेत चाललंय. तरी महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात येऊन बसतो, कांद्याचा भाव विचारतो आणि दारातल्या गुलाबासाठी औषधाची छोटी बाटली नेतो.

ज्यांची जमीन राहिली त्यांची पोरंही कंपनीतच. रात्रपाळी करून आलेला पोरगा सकाळी कांद्याला पाणी धरतो आणि दुपारी झोपतो. लागवडीला मजूर मिळत नाहीत; खुरपणीला येणाऱ्या बायकांतल्या कितीतरी आता कंपनीच्या बसने जातात. त्यामुळे माझ्याकडे तणनाशक जास्त खपायला लागलं. शेती परवडते म्हणून आता फार थोडे करतात. पगारातून खत आणायचं, कांद्याला भाव लागला तर घराचा स्लॅब टाकायचा, असा हिशोब.

शेती सुटली अशी हळहळ गावात पुष्कळ ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. पट्टीच्या भरवशावर लेकीचं लग्न ठरवलेल्या बापाचे हाल मी दुकानात बसून पाहिलेत. पण पगारही पक्का कुठे असतो? ठेकेदाराकडच्या पोरांना काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो आणि त्या घराची बाकी माझ्या वहीत तशीच पडून राहते.

म्हणून हल्ली उधार देताना किती एकर विचारायच्या आधी मी पोरगा पर्मनंट आहे का, ते विचारतो.