घडीचे कपडे

सरकारी बढतीच्या आदेशात सगळं लिहिलेलं असतं. कोणत्या पदावरून कोणत्या पदावर, कुठे, किती दिवसांत रुजू व्हायचं, नाही झालात तर काय होईल... एकच गोष्ट त्यात नसते. आता अंगात काय घालायचं! आणि गंमत अशी की आदेश निघाल्यापासून मला जो तो नेमकं तेवढंच विचारत होता.

धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. पहिलं वाक्य अभिनंदनाचं आणि दुसरं, "दादा, आता तरी ते राखाडी शर्ट काढून टाक." मेहुण्यांनी ब्लेझर सुचवला. चिरंजीवांनी मोबाईलवर यादीच करून दिली, तिच्यात 'चिनोज' नावाचा एक प्रकार होता. (तो खायचा नसून घालायचा असतो हे मला त्याच दिवशी कळलं.) सौ. काही बोलली नाही. तिने फक्त कपाट उघडं ठेवलं.

तर मंडळी, अस्मादिक अव्वल कारकुनाचे नायब तहसीलदार झाले. वय वर्षे एकोणपन्नास. घर अंबडला, नेमणूक जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यात, म्हणजे रोजचं अप-डाऊन आलं. आणि कपाटात काय होतं? सात शर्ट, चार पँटी, लग्नातला एक कोट ज्याचं बटण आता कुठल्याच बाजूने लागत नाही, आणि ट्रंकेत आहेराचे पीस.

आहेराच्या पीसबद्दल थोडं सांगायलाच हवं. आमच्या मराठवाड्यात माझ्या पिढीच्या पुरुषाने कपडे विकत घेतले असं सहसा होत नाही, ते आहेरात येतात. मेहुणीचं लग्न, भाच्याचं जावळ, कुणाची वास्तुशांत... एक शर्टपीस, एक पँटपीस आणि वर टोपी-उपरणं. ते ट्रंकेत जातात आणि गरज पडली की टेलरकडे. माझी पंचवीस वर्षांची नोकरी बहुतेक दुसऱ्यांच्या आवडीच्या रंगांत झाली. बहीण ज्या राखाडी शर्टावर एवढी खार खाऊन आहे, त्याचं कापड तिच्याच सासरहून आलेलं आहे. (ताई, हे तू वाचणार आहेस हे माहीत आहे, म्हणूनच लिहिलं.)

थट्टा बाजूला ठेवू. प्रश्न खरा होता. साहेबाने दिसावं कसं?

आमच्या भागात या प्रश्नाची उत्तरं दर पिढीला बदलत आली आहेत. १९४८ पर्यंत अंबड निजामाच्या राज्यात. तेव्हाचा कारभार उर्दूत आणि अंमलदाराचा रुबाब शेरवानीत. आमच्या एका चुलत आजोबांचा फोटो घरी आहे, गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी आणि डोक्यावर रुमी टोपी. पुढे संस्थान गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८१ च्या १ मे ला औरंगाबादेतून (आजचं छत्रपती संभाजीनगर) फुटून जालना जिल्हा झाला. शेरवानी कपाटात गेली. पण 'अव्वल', 'नायब', 'तहसीलदार' हे शब्द मात्र खुर्चीवरच बसून राहिले.

मग आला सफारी. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने साहेब लोक सफारीतच असत. मूळ हा आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या गोऱ्या साहेबाचा पोशाख, चार खिसे आणि खांद्यावर पट्ट्या. आपल्याकडे त्याची शिकार म्हणजे फाईल! उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला टेरिकॉटचा सफारी घालून बसलेला साहेब आठवला की मला अजूनही घाम फुटतो.

आणि २०२० च्या डिसेंबरात शासनाने परिपत्रकच काढलं. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लीपर नको, आणि आठवड्यातून निदान शुक्रवारी तरी खादी घालावी. तेव्हा वर्तमानपत्रांत जीन्सची चर्चा फार झाली. मला मात्र त्यात एक मौज वाटली. शिपायाला गणवेश मिळतो, तो धुवायला भत्ताही मिळतो. साहेबाला मिळते ती सूचना. कसं दिसावं हे त्याने आपलं आपणच ठरवायचं.

माझं ठरता ठरेना. मनात दोन पक्ष होते.

पहिला पक्ष साधेपणाचा. घरात अण्णा कापूस लावत आले. एक क्विंटल कापसातून जिनिंगला साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते. सुती शर्टाचं वजन पाव किलोच्या आतबाहेर. घट-तूट धरली तरी क्विंटलमागे शंभरेक शर्टांचं सूत आमच्या रानातून जातं. अण्णांकडे मात्र आयुष्यभर एकावेळी दोन सदऱ्यांच्या वर कधी नव्हते. अशा घरातून आलेल्या माणसाने मॉलमध्ये जाऊन एका शर्टाला अडीच हजार द्यावेत हे माझ्या गळी उतरत नव्हतं. शिवाय नवीन कोऱ्या कपड्यांतल्या साहेबापुढे खेड्यातला माणूस बिचकतो असं माझं जुनं मत. आहे तेच घालावं, काम चोख करावं.

हे मत मी एका मित्राला ऐकवलं. तो मंडळ अधिकारी आहे. रोज कडक इस्त्री, बूट चकचकीत, शर्ट कायम पँटीत खोचलेला. पावसाळ्यात चिखलातून पंचनाम्याला जातानाही असाच. आम्ही त्याची थट्टा करायचो, तो हसायचा. त्या दिवशी मात्र हसला नाही.

म्हणाला, "साधेपणा परवडावा लागतो, भाऊ. तू चुरगळलेल्या शर्टात बसलास तर लोक म्हणतात, बघा किती साधा माणूस. मी तसा बसलो तर म्हणतात, शेवटी जात दाखवलीच. माझ्या आजोबांना कोरं धोतर नेसून वाड्यापुढून जायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी सूट घातला तो काय हौस म्हणून?"

मी गप्पच झालो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की, जातीची खूण पटेल असं नेसणं सोडा, असले दागिने सोडा, स्वच्छ राहा. आणि १९३१ ची दुसरी गोलमेज परिषद घ्या. लंडनच्या थंडीत एकीकडे गांधीजी पंचा नेसून आणि शाल पांघरून, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब सुटात. शाळेत आपण दोघांचे फोटो वेगवेगळ्या पानांवर बघतो, म्हणून ते एकत्र डोळ्यांपुढे येत नाही. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुरेला अंगावरचे कपडे कमी केले ते ज्यांना पुरेसं वस्त्र नाही त्यांच्यासाठी. बाबासाहेबांनी अंगभर नीटनेटका पोशाख केला तो ज्यांना तो घालू दिला जात नव्हता त्यांच्यासाठी. एकाने उतरवले, एकाने चढवले, आणि दोघांच्याही मनात समोर आरसा नव्हता, माणसं होती.

म्हणजे मुद्दा साधं की भारी हा नव्हताच. कपडे कुणासाठी, हा होता. पण हे कळूनही आपण स्वतः काय घालावं याचं उत्तर मिळत नव्हतं. ते मिळालं नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात.

एक म्हातारेबुवा आले होते. सत्तरीच्या पुढचे. श्रावणबाळचा पगार अडला होता, आधारवर एक नाव आणि बँकेत दुसरं. (योजनेतलं निवृत्तिवेतन, पण आमच्याकडे सगळे त्याला पगारच म्हणतात.) दाराबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन उभे राहिले. "बसा बाबा," म्हटलं तर, "असू द्या साहेब, उभाच बरा हाव." माझ्या अंगात त्या दिवशी तोच जुना राखाडी शर्ट होता! म्हणजे माणूस बिचकतो तो माझ्या कपड्याला नाही, टेबलाला आणि खुर्चीला. माझ्या साधेपणाने त्यांच्या पायातल्या चपला काही राहिल्या नाहीत.

दोनदा सांगितल्यावर ते बसले, आणि मग मला त्यांचे कपडे दिसले. पांढरंशुभ्र धोतर, नीळ जरा जास्तच झालेली. सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत घडीच्या उभ्या-आडव्या रेघा. टोपीला कडक धार. हे रोजचे कपडे नव्हते. हे घडीचे कपडे होते.

ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना हे सांगायला नको. ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळीच्या वासात एक जोडी असते. अण्णांचीही होती. लग्न, मत्स्योदरी देवीची नवरात्रातली यात्रा, आणि तालुक्याचं काम. या तिन्हींसाठी एकच जोडी. सकाळी अंबडला कचेरीत जायचं म्हटलं की आई रात्रीच धोतर काढून उशाखाली ठेवायची, तीच इस्त्री. सातबाऱ्याचा एक उतारा आणायला अण्णा देवीच्या दर्शनाला जावं तसे तयार होऊन जायचे. काम झालं नाही तर संध्याकाळी येऊन आधी धोतर झटकायचे, घडी घालायचे, मग पाणी प्यायचे. घडीचं नुकसान झालं याचंच त्यांना जास्त वाटतं की काय, असं मला लहानपणी वाटे.

ते बाबा समोर बसले होते आणि माझ्या डोक्यात हेच. हा माणूस माझ्याकडे यायचं म्हणून त्याच्या घरातले सगळ्यात चांगले कपडे घालून आला आहे. आणि मी त्याच्यासाठी काय घातलंय? बाही घासलेला, कॉलर फिरवून शिवलेला शर्ट. त्याला मी साधेपणा म्हणत होतो. लग्नाला जाताना आपण नीट जातो, कारण यजमानाचा मान. मग जो आपल्यासाठी नीट होऊन आला, त्याचा मान कोण ठेवणार?

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. माझे कपडे त्यांच्या घडीच्या कपड्यांच्या तोलाचे हवेत. त्यांच्यापेक्षा भारी नकोत, आणि त्यांच्यापेक्षा हलके तर मुळीच नकोत. स्वच्छ, इस्त्रीचे, अंगाला बसणारे, साध्या रंगाचे. मंडळ अधिकारी मित्र हे माझ्या कितीतरी आधीपासून रोज करत आला आहे.

मग रविवारी अंबडला आमच्या नेहमीच्या मास्टरकडे गेलो. मुलगा म्हणाला, संभाजीनगरला जाऊ, तयार मिळतं. त्याच्या शब्दाखातर तिथेही जाऊन आलो. 'स्लिम फिट'मध्ये मी श्वास घेऊ शकत होतो, पण सोडू शकत नव्हतो. मास्टरचं दुकान आता अर्ध्यावर आलं आहे, दोन मशीन बंद, कारण तरुण मुलं तयारच घेतात. पण माप घ्यायला लागले की हात तसाच चालतो. खांदा, बाही, छाती, कॉलर, मग कंबर, सीट, मांडी, मोहरी. इतकी वर्षं मला "भाऊ" म्हणणारे मास्टर या वेळी "साहेब" म्हणाले. मी म्हटलं, भाऊच राहू द्या. म्हणाले, "भाऊ म्हनलं तं शिलाई कमी घ्यावी लागती!"

कुणाला उपयोग होईल म्हणून हिशेब देतो. सहा शर्ट. चार सुती, कारण आमच्याकडे मार्चपासून अंग भाजतं, आणि दोन टेरिकॉट, कारण पावसाळ्यात सुती वाळत नाही. रंग पांढरा, फिका निळा, बदामी, बारीक रेघा. चार पँटी, करड्या, काळ्या आणि दोन निळ्या, मोटारसायकलवर अप-डाऊन असल्याने धूळ दिसू नये म्हणून गडद. शुक्रवारसाठी खादीचे दोन शर्ट. एक काळा बूट, एक चामडी सँडल, एक पट्टा. ब्लेझर नाही. (मेहुणे, क्षमस्व.) कापड निम्मं विकत घेतलं, निम्मं ट्रंकेतल्या आहेरातून निघालं, सौ.ने निवडून दिलं. मास्टरांनी कमरेला आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलंय. खुर्चीवर बसणाऱ्याचं पोट कसं वाढतं हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. तयार शर्टांना हल्ली खिसाच नसतो. चिरंजीव म्हणाले, खिसा जुनाट दिसतो. मी मास्टरांना सांगितलं, प्रत्येक शर्टाला खिसा पाहिजे, जरा खोल, दोन पेन मावतील असा. एक माझ्या सहीचा. दुसरा समोरच्याला द्यायला. अर्जावर सही करायची वेळ आली की खेड्यातला माणूस खिसे चाचपतो, शेजाऱ्याकडे बघतो, आणि पेन नाही म्हणून ओशाळतो. ते बाबाही असेच ओशाळले होते. आपण आपल्या खिशातला पेन काढून पुढे केला, की तो आपोआप खुर्ची जवळ ओढतो.