पानांना पाजलेलं लोह

जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर कढीपत्त्याची ताजी पुडी कधीही मिळते. तरीही कुंडीतल्या कढीपत्त्यासाठी जीव टाकणारी मराठी घरं इथे कमी नाहीत. आमचं त्यातलंच एक. आईंना इकडे आणल्यापासून दिवसाकाठी त्या जी दहा वाक्यं बोलत, त्यातली आठ त्या झाडाशी असत. त्यामुळे गेल्या जूनमध्ये त्याची कोवळी पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या, तेव्हा आम्ही धास्तावलो ते झाडापेक्षा आईंसाठीच.

निफाडला द्राक्षबाग असलेल्या मामांना फोन लावला. "अगं, लोह कमी पडलंय. फेरसची फवारणी घे," मामा बहिणीला म्हणाले. जुनी पानं पिवळी पडली असती तर मॅग्नेशियम. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही, म्हणून उपास पहिला नव्या पानांना घडतो.

गंमत म्हणजे मातीत लोह असूनही हे होतं! माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. हवाईच्या लालभडक, लोहानं भरलेल्या जमिनीत मँगनीज जास्त, म्हणून अननस पिवळे पडत. १९१६च्या सुमारास तिथे पानांवरच फेरस सल्फेट फवारून ते सावरले. भरल्या घरात उपाशी म्हणतात ते हेच. पुढे १९५०च्या दशकात मिशिगन स्टेटच्या ट्यूकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यं वापरून पानातून अन्न आत शिरतं, हे दाखवून दिलं.

आमचा बेत साधा. लिटरभर पाण्यात ग्रॅमभर फेरस सल्फेट, साबणाचा एक थेंब. ऊन चढायच्या आत, पानाच्या खालच्या बाजूनेही. जास्त कडक केलं तर पानं करपतात. आणि हे टॉनिक आहे, जेवण नव्हे: नत्र, पालाश पोटभर हवं तर ते मुळांतूनच. शिवाय नवी पालवी आली की पुन्हा फवारा.

तेव्हा दर पंधरा दिवसांनी सकाळी सहाला आई बाटली घेऊन गॅलरीत. फोडणीला पानं घेताना स्वच्छ धुऊन घ्यायची, हा त्यांचाच दंडक. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई आपलं लिंबाचं झाड उचलून वर घेऊन आल्या. आईंनी खालची जुनी पानं उलटसुलट करून पाहिली आणि ठणठणीत मराठीत सांगितलं, "फेरस नको हो याला, मॅग्नेशियम द्या."